माळ्यावरच्या ३०० क्रिकेट कार्डांचे ४ हजार घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या मनीषनगरच्या घराचा माळा आवरताना ३०० कार्डांचा डबा सापडला. त्यात टॉप्स कंपनीच्या क्रिकेट अ‍ॅटॅक्स मालिकेची २३०, ऑस्ट्रेलियाच्या फ्युटेरा कंपनीची नव्वदच्या दशकातली ३१, बबलगमसोबत यायची ती २५ आणि आजोबांच्या वहीत चिकटवलेली सिगारेटच्या पाकिटातली १४ कार्डं आहेत. फ्युटेरापैकी एक तेंडुलकरचं, १९९६ चं. तसंच कार्ड ओएलएक्सवर कुणीतरी ५० हजारांना लावलंय, आणि बर्डीतला एक जण अख्ख्या डब्याचे ४ हजार द्यायला तयार आहे. देऊन टाकू का, की आधी ग्रेडिंगला (म्हणजे कंपनीकडून अवस्था तपासून श्रेणी लावून घ्यायला) पाठवू, असं तुम्ही विचारलंय.

तुमची अडचण अशी आहे की तुमच्यासमोर दोन आकडे आहेत आणि दोन्ही बाजारभाव नाहीत. ५० हजार ही एका विकणाऱ्याची इच्छा आहे. ४ हजार ही एका घेणाऱ्याची सोय आहे. बाजारभाव म्हणजे हेच कार्ड, याच अवस्थेत, नुकतंच कुणीतरी खरोखर पैसे मोजून घेतलं तो आकडा. बाकीचं सगळं काम या वाक्यातल्या तीन शब्दांचं आहे: ‘हेच’, ‘याच’ आणि ‘नुकतंच’. बहुतेक चुका पहिल्याच शब्दावर होतात, म्हणून तिथून सुरुवात करू.

कार्ड उलटं करा. पुढच्या चेहऱ्यापेक्षा पाठ जास्त बोलते. कार्डाचा क्रमांक, कंपनी, सेटचं नाव आणि खाली बारीक अक्षरातलं कॉपीराइटचं वर्ष वहीत उतरवून घ्या. त्या वर्षावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. पाठीवर आकडेवारी असेल तर ती कोणत्या हंगामापर्यंत आहे तेही पाहा. आकडेवारी १९९४-९५ ला थांबत असेल, तर कार्ड त्याच्या पुढच्या हंगामाचं असण्याची शक्यता जास्त. मग प्रकार पाहा. साधं बेस कार्ड, म्हणजे सेटमधलं नेहमीचं कार्ड आहे, की त्याचीच चकचकीत आवृत्ती? कार्डावर ‘२५/९९’ असा नंबर छापलाय का? तसा असेल तर त्या प्रकारची ९९ च कार्डं निघाली, आणि बेसचा भाव त्याला लागू होत नाही. (छापलेला नंबर खेळाडूच्या जर्सीचा असला, म्हणजे तेंडुलकरच्या कार्डावर १०/९९, तर हौशी लोक त्याला वेगळे पैसे देतात.) टॉप्सच्या अलीकडच्या कार्डांच्या पाठीवर तळाशी एक बारीक कोड असतो. दोन कार्डं दिसायला सारखी असली तरी कोडचे शेवटचे अंक वेगळे असू शकतात, आणि त्यावरून दुर्मिळ फोटोचं कार्ड ओळखता येतं. भिंग लागेल. ज्वेलर वापरतात तसं दहापटीचं भिंग घ्या, ते इतवारीत सहज मिळतं.

‘रुकी’, म्हणजे खेळाडूच्या सुरुवातीच्या काळातलं पहिलं कार्ड, या शब्दापासून जपून राहा. तेंडुलकर पहिली कसोटी १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत खेळला. १९९६ च्या कार्डाला त्याचं रुकी कार्ड म्हणणारा एकतर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतोय. अमेरिकी बेसबॉलमध्ये २००६ पासून अशा कार्डांवर अधिकृत ‘आरसी’ (रुकी कार्ड) शिक्का येतो. क्रिकेटमध्ये सर्वमान्य व्याख्याच नाही, त्यामुळे जाहिरातीतल्या या शब्दाला शून्य किंमत द्या आणि सेट, वर्ष व क्रमांक जुळतात का एवढंच बघा.

आता अवस्था. तिने किती फरक पडतो ते कळायला एक उदाहरण पुरे. टॉप्सचं १९५२ चं मिकी मँटलचं बेसबॉल कार्ड. ग्रेडिंगमध्ये १० पैकी ९.५ श्रेणी मिळालेलं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तेच कार्ड घड्या पडलेलं, कोपरे झिजलेलं असेल तर त्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यावर थांबतं. चित्र तेच, क्रमांक तोच. म्हणून ‘माझ्याकडे तेच कार्ड आहे’ हे वाक्य अवस्था सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

घरी तपासायची पद्धत सांगतो. टेबलावर काळं कापड पसरा, हात धुऊन कोरडे करा, पंखा बंद करा. कार्ड कडांनी धरा. मोबाइलचा टॉर्च वरून मारू नका. तो जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणून तिरपा उजेड पाडा आणि कार्ड हळूहळू फिरवा. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणारं कार्ड तिरप्या उजेडात वेगळंच दिसतं: नखाने पडलेली खोलगट खूण, छपाईची एखादी सरळ रेघ, बोटांचे ठसे, केसाएवढी घडी. घडी दिसली की वरच्या श्रेणी संपल्या. मग चारही कोपरे भिंगाखाली घ्या. गडद किनारीच्या कार्डांवर पांढरे ठिपके लगेच उठून दिसतात, पांढऱ्या किनारीवर मात्र ते लपतात, म्हणून तिथे काळ्या कापडाचा उपयोग होतो.

मध्यसाधणीही, म्हणजे चित्र कार्डाच्या बरोबर मधोमध आहे का तेही, मोजायची असते. मिलिमीटरच्या पट्टीने डावी-उजवी किनार मोजा. डावी १.५ आणि उजवी २.५ भरली तर एकूण ४, म्हणजे साधारण ६२-३८. पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडे १० मिळवायला पुढची बाजू ५५-४५ च्या आसपास लागते. म्हणजे हे कार्ड दहाचं नाही, बाकी कितीही देखणं असो. कार्डाचं मापही घ्या. आजचं प्रमाणित कार्ड ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटरचं असतं. एखादं कार्ड त्याच सेटच्या इतर कार्डांपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी भरलं आणि त्याचे कोपरे संशयास्पद धारदार असले, तर झिजलेली कड कुणीतरी कापून काढलेली असू शकते. कापलेल्या कार्डाला मोठ्या ग्रेडिंग कंपन्या आकड्यातली श्रेणी देत नाहीत.

आपल्याकडचं एक खास दुखणं आहे माळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबखालचा माळा भट्टी होतो. अशा जागी वर्षानुवर्षं राहिलेल्या कार्डांचं तीन प्रकारे नुकसान होतं. गठ्ठ्याला लावलेलं रबर वितळून पहिल्या-शेवटच्या कार्डाला चिकटतं. स्वस्त, मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमची पानं कार्डाच्या चमकीला धरून बसतात. आणि चकचकीत कार्डं धनुष्यासारखी वाकतात, कारण कागदाचा थर उन्हाळ्यात सुकून आकसतो आणि पावसाळ्यात फुगतो, पण वरचा फॉइलचा थर तसाच राहतो. वाकलेलं कार्ड उलट्या बाजूने दाबून सरळ करायला जाऊ नका, चमकीला तडा जातो. पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात) घालून टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खोळीत ठेवा (साध्या जाडीच्या कार्डाला ३५ पॉइंट जाडीचा टॉपलोडर पुरतो), डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि डबा घरातल्या आतल्या खोलीतल्या कपाटात हलवा. ओल्या फडक्याने पुसणं, खोडरबर फिरवणं, डिंकाचा डाग खरवडणं यातलं काहीही करू नका. आजोबांच्या वहीतली चौदा कार्डं तर अजिबात उचकटू नका. वही तशीच राहू द्या.

आता ‘नुकतंच’. इथे खरी मेहनत आहे.

ईबेची भारतीय साइट २०१८ मध्ये बंद झाली, पण मुख्य साइट इथून उघडते आणि भाव बघायला तीच सगळ्यात मोठी खिडकी आहे. शोधताना वर्ष, कंपनी, खेळाडू आणि क्रमांक टाका आणि फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ निवडा. हे केलं नाही तर तुम्हाला फक्त लोकांच्या इच्छा दिसतील. इथे साधारण मागच्या ९० दिवसांचे व्यवहार दिसतात. एखाद्या किमतीवर आडवी रेघ मारलेली असेल तर समजा की तो सौदा घासाघीस होऊन कमी पैशात झालाय. खरा आकडा १३०पॉइंट नावाच्या साइटवर बऱ्याचदा सापडतो.

समजा तुमच्यासारख्याच कार्डाचे सात व्यवहार मिळाले. रुपयांत धरू: ३५०, ९००, ९५०, १०००, १०५०, ११०० आणि २४००. सरासरी काढायचा मोह टाळा, ती एका विचित्र आकड्याने वाहवत जाते. रांगेतला मधला आकडा घ्या, इथे १०००. मग दोन्ही टोकांचे व्यवहार उघडून वाचा. ३५० वाल्याने नावाचं स्पेलिंग चुकवलं असेल, म्हणून ते कुणाला सापडलंच नसेल. २४०० वालं बहुधा ग्रेड केलेलं किंवा सही असलेलं निघेल, किंवा त्या लिलावात दोनच जण एकमेकांवर चढत गेलेले दिसतील. कारण सापडलं तर तो आकडा बाजूला ठेवा. कारण सापडलं नाही तर ठेवू नका, कारण तोही बाजारच आहे. आणखी एक तपासणी: नंबर छापलेलं तेच कार्ड, त्याच फोटोसह, पंधरा दिवसांनी पुन्हा विक्रीला दिसलं, तर आधीचा ‘विकलं’ हा व्यवहार पूर्ण झालेला नाही. तो यादीतून काढा.

तारखांना वजन द्या. फ्लीअरच्या १९८६-८७ च्या मायकेल जॉर्डन कार्डाचे, पीएसए १० श्रेणीचे, दोन नग जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. त्याच वर्षात तेच कार्ड निम्म्याहून खाली आलं. जानेवारीचा आकडा खरा होता, पण डिसेंबरमध्ये तो बाजारभाव नव्हता. क्रिकेटमध्ये विश्वचषक, निवृत्ती, आयपीएलचा एखादा हंगाम अशा वेळी भाव उसळतो आणि काही आठवड्यांत बसतो. मी तीन महिन्यांपेक्षा जुन्या व्यवहाराला आधार मानतो, पुरावा मानत नाही.

इथवर अमेरिकी कार्डांचं झालं, तिथे व्यवहारांचा पूर असतो. तुमच्या डब्यातल्या बऱ्याच कार्डांना वर्षाकाठी एखादा व्यवहार मिळेल किंवा तोही नाही, आणि इथे एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अशा वेळी मी गुणोत्तर लावतो. समजा तुमच्या सेटमधलं तेंडुलकरचं कार्ड विकलेलं कुठेच दिसत नाही, पण त्याच सेटमधलं द्रविडचं २०० रुपयांना गेलेलं दिसतं. मग त्याच काळातले दुसरे तीन सेट घ्या, जिथे दोघांचेही व्यवहार आहेत. तिथे तेंडुलकर द्रविडच्या चार ते पाच पट जात असेल, तर तुमच्या कार्डाचा अंदाज ८०० ते १०००. हा पट्टा आहे, भाव नव्हे. विकताना वरच्या टोकापासून सुरुवात करायची आणि खालच्या टोकाच्या खाली जायचं नाही, एवढाच त्याचा उपयोग, पण तो पुष्कळ आहे. भारतातले बरेचसे सौदे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होतात आणि आकडा खाजगी मेसेजमध्ये ठरतो. तिथे ‘सोल्ड’ लिहिलेल्या पोस्टवर विक्रेत्याला नम्रपणे विचारा. विकून झाल्यावर लोक बहुधा खरं सांगतात.

बबलगमच्या कार्डांबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण याच २५ कार्डांना लोक सगळ्यात आधी रद्दीत टाकतात. पाठीवर धावा किंवा विकेट छापलेल्या असतील तर ती मुलांनी जमवून बक्षीस घ्यायची योजना होती. बक्षिसासाठी कार्डं परत गेली, उरली ती खिशात आणि दप्तरात झिजली. म्हणून चांगल्या अवस्थेतली कमी दिसतात. पण कमी असणं म्हणजे महाग असणं नाही. मागणी लागते, आणि ती ज्यांचं बालपण या कार्डांसोबत गेलं त्या वयाच्या लोकांकडून येते. ही सुटी विकण्यापेक्षा संघवार गट करून विकली तर जास्त येतात, कारण घेणाऱ्याला आपला संच पुरा करायचा असतो.

सिगारेटच्या कार्डांत नेमकं उलट आहे. जॉन प्लेअरचे १९३४ आणि १९३८ चे क्रिकेटपटूंचे सेट ५०-५० कार्डांचे होते आणि ते अफाट संख्येने छापले गेले. नव्वदीच्या आसपासचं कार्ड म्हणजे सोनं, असं नसतं. ब्रॅडमनसारखी नावं वेगळी निघतात, बाकीची साधी, आणि चिकटवलेली असल्याने आणखी खाली. याच जुन्या सेटची पुनर्मुद्रणंही बाजारात भरपूर आहेत, पण कार्डं आजोबांच्या वेळच्या वहीत आहेत हाच तुमच्याकडचा चांगला पुरावा आहे. वही फाडू नका म्हणालो ते याचसाठीही.

खोटं ओळखायला भिंग पुन्हा काढा. अस्सल कार्डावर चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं बहुधा सलग शाईची आणि कडेला स्वच्छ असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच बनलेली दिसतात. तेंडुलकर, धोनी, कोहलीची घरगुती बनावटीची ‘कस्टम’ कार्डं ऑनलाइन पुष्कळ विकली जातात. ती छान दिसतात, पण ती कुठल्याही अधिकृत सेटची नसतात आणि त्यांना पुनर्विक्रीचा भाव जवळजवळ नसतो. ग्रेड केलेलं, प्लॅस्टिकच्या स्लॅबमधलं कार्ड कुणी दाखवलं तर लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर कार्डाची प्रत्येक खूण जुळवा. क्रमांक खरा आणि आतलं कार्ड दुसरंच, असंही होतं.

‘ग्रेडिंगला पाठवू का’ हा तुमचा उपप्रश्न. हे पूर्णपणे हिशेबावर आहे, आणि हिशेब असा मांडा. आकडे उदाहरणापुरते. सुटं कार्ड ४ हजारांना जातं. श्रेणी १० मिळाली तर १६ हजार, ९ ला ५,५००, ८ ला ३,५००. अमेरिकेला पाठवणं, परत आणणं, शुल्क, एजंट आणि कस्टम धरून एका कार्डाचा खर्च ४,५००. तुमच्या तपासणीवरून १० ची शक्यता तीस टक्के, ९ ची पन्नास, ८ ची वीस. मग ४,८०० अधिक २,७५० अधिक ७००, म्हणजे ८,२५०. खर्च वजा जाता ३,७५० उरले. सुटं विकलं असतं तर ४ हजार मिळत होते, तेही काही महिने न थांबता. म्हणजे पाठवू नका. १० ची शक्यता पन्नास टक्के, ९ ची चाळीस आणि ८ ची दहा असती तर हाच हिशेब ६,०५० वर गेला असता आणि पाठवणं बरोबर ठरलं असतं. सगळा खेळ त्या पहिल्या टक्केवारीवर आहे, आणि ती ठरवताना आपलं कार्ड सगळ्यांना जास्त देखणं वाटतं.

ग्रेडिंग कंपनीच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या कार्डाच्या किती नगांना कोणती श्रेणी दिली त्या यादीत) तुमच्या कार्डासमोर ‘१०: २ नग’ असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. अमेरिकी कार्डांत तो आकडा अर्थपूर्ण असतो. अप्पर डेकच्या १९८९ च्या केन ग्रिफी ज्युनिअर कार्डाचे १० श्रेणीचेच हजारो नग आहेत, आणि त्यावरून दुर्मिळता खरोखर कळते. भारतीय खेळाडूंच्या जुन्या कार्डांत मात्र दोनच नग दिसतात, कारण दोनच लोकांनी पाठवलेत.

सहीचं कार्ड असेल तर वेगळा विचार लागेल. पाकिटातच कंपनीने सही घालून दिलेलं कार्ड आणि जामठ्याच्या स्टेडियमवर सामन्यानंतर पेनने घेतलेली सही, यांचा भाव एक नाही. दुसऱ्या प्रकारात सही खरी असल्याचं तपासून घेतलेलं नसेल तर घेणारा तिला ‘कार्डावर शाई’ मानतो आणि भाव कमी करतो. भावना वेगळी असते. गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक ३१ ऑक्टोबर १९८७ ला आपल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झालं, त्याच सामन्यात चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्रिक घेतली. त्या वर्षाचं गावसकरचं कार्ड नागपूरकराला जास्त मोलाचं वाटणारच. घेणारा नागपूरचा असला तर त्याला हे सांगा. तो मेलबर्नचा असला तर किंमत बदलणार नाही.

आता बर्डीतल्या ४ हजारांकडे. दुकानदार चांगल्या कार्डाला बाजारभावाच्या निम्मे ते साठ टक्के देतो, आणि ते अन्याय नाही. त्याला ते कार्ड ठेवायचंय, फोटो काढायचेत, कुरिअर करायचंय, घासाघीस सोसायचीय, आणि अर्धी कार्डं वर्षभर पडून राहतात. साध्या कार्डांना तो ढिगाच्या भावानेच घेईल. तुमच्या २३० क्रिकेट अ‍ॅटॅक्सपैकी बहुतेक या ढिगातच जातील, नगाला दोन-तीन रुपये. म्हणजे या ढिगाचे ५०० ते ७०० धरा आणि त्यावर वेळ घालवू नका. फक्त चकचकीत कार्डं आधी वेगळी काढा.

प्रश्न उरलेल्या सत्तर कार्डांचा आहे. त्यांचा पट्टा वरच्या पद्धतीने काढा, एकूण बेरजेच्या निम्मे करा, त्यात ढिगाचे पैसे मिळवा. तो आकडा ४ हजारांच्या आसपास आला तर तुमच्या माणसाने तुम्हाला फसवलेलं नाही, आणि वेळ वाचतोय म्हणून देऊन टाका. ८ हजारांच्या पुढे गेला तर तेंडुलकर, नंबर छापलेली कार्डं आणि वही बाजूला काढून फक्त बाकीच्यांचा भाव मागा. तो कुरकुरला तर त्याच्या ४ हजारांत तीच कार्डं धरलेली होती.

त्याला आज उत्तर देऊ नका, आठवड्याने सांगतो म्हणा. तेवढ्यात तेंडुलकरच्या कार्डाचे चार फोटो इथे टाका: स्लीव्हमधून काढून, काळ्या कापडावर, पुढून आणि मागून एकेक सरळ, एक तिरप्या उजेडातला, आणि पाठीवरच्या बारीक अक्षरांचा एक जवळून. किनारींची चारही मापं मिलिमीटरमध्ये लिहा. प्रकार ओळखून पट्टा सांगतो.